कर्णगडावरून उतरलेला जरीपटका

कर्णगडाच्या पूर्व बुरुजावर तांबडे फुटले तेव्हा खालची दरी धुक्याने भरली होती, आणि त्या धुक्यातून नौबतीऐवजी उपाशी घोड्यांचे फुरफुरणे तेवढे वर येत होते. तीन दिवस त्यांना दाणा नव्हता; काल त्यांनी पिंपळाची साल कुरतडली. वर जरीपटका मात्र दिमाखात फडफडत होता. तेवीस दिवसांत हा आठवा किल्ला. जिंकत आलेल्या फौजेचे असे हाल कोणी पाहिले नसतील.

चूक अशी घडली की ती कोणाला चूक वाटलीच नाही. या दौलतीची रीत होती: जिथे आपला जरीपटका चढला, तिथून तो आपल्या हाताने उतरवायचा नाही. मग निशाणाच्या राखणीला प्रत्येक किल्ल्यावर सातशेंची शिबंदी ठेवणे आले. ज्याच्यावर ही स्वारी होती त्या नबाबाने ही रीत पुरती ओळखली. कोठारे जाळून त्याने एकेक किल्ला जवळजवळ फुकट दिला, आपल्या मूळ फौजेला ओरखडाही लागू न देता मागे घेतले, आणि बारा हजारांचे मराठी लष्कर किल्ल्याकिल्ल्यांवर वाटले जाऊन निम्मे उरले तेव्हा बगलेने वळून रसदेचे तांडे लुटले. आता तो सोनवेरी नदीच्या उताराकडे, पायी ओलांडण्याच्या जागेकडे निघाला होता. मराठ्यांना घरी जायची वाट तेवढी एकच होती.

गडाचे नवे किल्लेदार सिदोजी वाघचौरे सरलष्कर हैबतराव शिंदोळ्यांपुढे मुजरा करून उभे राहिले.

"सरलष्कर, गड मोकळा करून आत्ताच कूच करावे. माझे सातशे पुढे जाऊन उतार धरतील. सहा हजार माणसे आज घरी जातील. उद्या एकही जाणार नाही."

"आणि जरीपटका?"

"उतरवावा लागेल."

"मागच्या सात गडांवरची आपली माणसे?"

"त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचणार नाही. ती गेली, सरलष्कर."

"हुजुरांच्या पायांवर हात ठेवून आम्ही शपथ घेतली आहे, सिदोजीराव. कोणत्या तोंडाने दरबारात जावे?"

हैबतराव म्हणजे तोफेच्या तोंडावर घोडा घालणारा गडी. पण शरमेचे नाव काढले की तो माघार घेई.

"आपण पाठ फिरवावी," सिदोजी म्हणाले. "कोणी विचारलेच तर सांगावे, सिदोजीने उतरवला. खोटे होणार नाही."

हैबतरावांनी खरोखरच पाठ फिरवली. सिदोजींनी एकट्याने दोरी सोडली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. जुने शिपाई रडले. एकजण त्यांच्या पायाशी थुंकला, आणि तोही नंतर त्यांच्यामागोमाग निघाला.

दुपारी नबाबाचे घोडदळ उतारावर आले तेव्हा सातशे माणसे गुडघाभर पाण्यात भाले रोवून उभी होती. तीन हल्ले त्यांनी परतवले. चौथ्यात सिदोजी पडले, तरी फळी हटली नाही. सूर्य कलला तेव्हा लष्कर पलीकडे पोहोचले होते. सातशेंपैकी एकोणीस परत आले.

महिन्याभरात मागचे सातही किल्ले उपासमारीने पडले. नबाबाची फौज होती तशीच राहिली. तरीही दरबारात आठ किल्ल्यांच्या विजयाबद्दल हैबतरावांना मानाची वस्त्रे मिळाली, आणि मग प्रश्न झाला: कर्णगडावरचा जरीपटका कोणी उतरवला?

सदर गच्च भरली होती. लष्कर कशामुळे वाचले, एवढे एक वाक्य सांगायचे होते.

"सिदोजींनी उतरवला," हैबतराव म्हणाले.

वाघचौऱ्यांचे वतन जप्त झाले. पडद्याआडून सिदोजींच्या पत्नी सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "सरलष्कर खरे बोलले. आता उरलेलेही बोलावे."

हैबतरावांनी अंगावरची वस्त्रे सावरली, हुजुरांना मुजरा केला आणि ते बाहेर पडले. दाराशी रांगेने उभे होते ते शिपाई सोनवेरी उतरून घरी आलेले. त्यांनी वाट दिली, पण एकाचाही हात मुजऱ्याला उठला नाही.