अर्धी रिकामी थाळी

दोरखंडाच्या धंद्यात मी चाळीस वर्षं काढली, शाळेत जेमतेम चार. पण ओल्या दोराचा वास मला हिशेबाच्या आधी कळतो. त्या दिवशी गोदाम उघडलं आणि तो आला. नव्या वेटोळ्यांवर करडी लव चढली होती. एक तुकडा पुडीत बांधला आणि दुपारी प्रयोगशाळेतल्या बुरशीवाल्या बाईंकडे निघालो.

बाईंची खोली लांबट, थंड. तळघरासारखा ओलसर वास. त्यांनी बोटभर चिकटपट्टी लवेवर दाबली, अलगद उचलून काचेवर लावली.

"बीजाणू काळपट, दोन कप्प्यांचे. हिची जागा अपूर्णांच्या कपाटात."

"अपूर्ण का हो?"

"एकटीच बीजाणू पाडत राहते. हिची जोडी जुळलेली कुणी पाहिली नाही. ते रूप सापडेपर्यंत नुसत्या बीजाणूंच्या आकार-रंगावर वर्गवारी."

"म्हणजे आमचा मेव्हणा! पन्नाशी उलटली, अजून त्याच कपाटात आहे."

बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "बघा तुम्हीच."

मी भिंगाच्या दोन नळ्यांना डोळे लावले. सगळं धुरकट.

बाईंचं हसू विरलं. "थांबा... डाव्या नळीचा नंबर परत फिरलाय. मी आत्ताच माझ्या डोळ्याला जुळवला होता."

"कुणी फिरवला?"

"हा आमच्या सरांचा नंबर आहे..." त्या हळूच म्हणाल्या. "सर जाऊन नऊ वर्षं झाली."

त्यांनी टेबलावरची एक काचेची थाळी दाखवली. मधोमध शाईची रेघ, एका बाजूला काळी बुरशी, दुसरी बाजू कोरी. सरांनी तीस वर्षं तिची जोडी शोधली, पण मिळाली नव्हती. बाई दर महिन्याला ती बुरशी नव्या थाळीत लावायच्या, आणि सरांच्या रीतीने अर्धी जागा पाहुण्यासाठी मोकळी ठेवायच्या. पण महिनाअखेर ही खोली बंद व्हायची होती. अपूर्ण राहिलेल्या सगळ्या थाळ्या भट्टीत जाणार होत्या.

"बाकीच्यांचं दुःख नाही," बाई म्हणाल्या, "पण ही जळताना मला बघवणार नाही."

त्या हात धुवायला गेल्या. त्यांनी तपासायला उपसलेले माझ्या दोराचे चार धागे चिमट्यात तसेच राहिले होते. फेकायचे कशाला? अर्धी थाळी रिकामी पडलीच होती. वाण्याचा जीव, मोकळी जागा दिसली की माल लावतो. झाकण उचललं आणि धागे ठेवून दिले.

पाठीमागे भिंगाचा स्क्रू कुर्र करून फिरला. वळून पाहिलं... कुणी नव्हतं.

बाई आल्या आणि थाळी बघून पांढऱ्याफटक पडल्या. "अहो, काय केलंत हे! इतकी वर्षं राखलेली जागा!"

"चुकलं माझं. काढू?"

त्यांनी चिमटा उचलला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "नको. सर म्हणायचे, आलेल्या पाहुण्याला उठवू नये."

अठरा दिवसांनी त्यांचा निरोप आला. मी धावतच गेलो. शाईच्या रेघेवर बरोब्बर, दोन्ही बुरशा जिथे भेटल्या होत्या तिथे, काळ्या मण्यांची ओळ उभी होती. बाईंनी एक मणी काचेवर फोडला. आत पारदर्शक पिशव्या, आणि प्रत्येकीत आठ दाणे, शेंगेतल्यासारखे. जोडी जुळली होती. थाळी भट्टीतून सुटली. पुऱ्या नावानिशी मोठ्या संग्रहात जाणार होती.

"आणि सकाळी भिंग माझ्याच नंबरावर होतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "नऊ वर्षांत पहिल्यांदा. सुटले हो सर..."

घरी येऊन पोटभर जेवलो आणि लेकरासारखा झोपलो. एवढं समाधान मोठ्या विक्रीनंही कधी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोदाम उघडलं. कुलूप जागेवर, एकुलती एक किल्ली माझ्या कमरेला. मागच्या भिंतीवर हिरवट बुरशीचा एक नवाच डाग धरला होता. जवळ गेलो.

डागाच्या मधोमध बोटभर लांबीची पट्टी, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ, कुणीतरी चिकटपट्टीनं अलगद उचलून नेली होती.