नियमांत नसलेलं नाव

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. गेल्या मार्चमधला रविवार, धावड्यातलं आमचं शेत आणि भर दुपार.

मी रेणू. संभाजीनगरला प्रोग्रामर आहे.

आदल्या वर्षी माझे बद्रीकाका आमच्याच विहिरीत गेले. आमच्याकडे रीत आहे. विहिरीत उतरणाऱ्याने मोटारीचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून स्वतःच्या खिशात ठेवायचं. पण सिमकार्ड घातलेला, फोन लावला की मोटार सुरू करणारा स्टार्टर तेव्हा नवा होता. "फोन माझ्यापाशी हाय, किटकॅट कशाला काढू?" असं म्हणून काका उतरले. कुणाचा तरी राँग नंबर स्टार्टरला लागला. मोटार सुरू झाली आणि पाण्यात करंट उतरला.

मी रडून घेतलं आणि कामाला लागले. माझ्या फोनवर आलेला मेसेज नीट वाचून, तो कोणाचा आणि काय ते लॅपटॉपवर दाखवून, मगच मोटार चालू-बंद करेल असा प्रोग्राम लिहायचा ठरवला. पार्सर जनरेटर नावाचं टूल नेटवर फुकट मिळतं. आपण नियम लिहून द्यायचे. त्या नियमांनी मजकूर वाचणारा प्रोग्राम ते बनवून देतं. नियमांत न बसणारं काही आलं की प्रोग्राम तिथेच अडतो, मेला तरी पुढे जात नाही.

मी नियमांत तीनच नावं घातली. आबा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. चौथ्या कुणाचा हुकूम चालणार नव्हता.

त्या रविवारी विहिरीतल्या पाईपाची जाळी तुंबली. आबा उतरायला निघाले आणि मी त्यांचा हात धरला.

"घाबरू नको, पोरी. किटकॅट खिशात हाय," आबा म्हणाले. "तू फक्त ध्यान ठेव."

मी लिंबाखाली लॅपटॉप उघडून बसले. खालून जाळी घासल्याचा आवाज येत होता...

मग तो थांबला.

लिंबावरची पाखरंही गप्प झाली.

आणि स्क्रीनवर एक ओळ आली...

कोण: बद्री. काय: चालू.

मी फोन पाहिला. एकही मेसेज आला नव्हता.

नियमांची फाईल उघडली. तीनच नावं होती. बद्री कुठेच नव्हतं.

तेवढ्यात... मोटार घरघरली.

"आबा!"

मी मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीकडे पळाले. किटकॅटची जागा रिकामी होती. तरी मोटार चालूच होती. पाईपातून मात्र थेंबभर पाणी येत नव्हतं.

मग ती आपोआप बंद पडली.

आबा वर आले. ओठ पांढरे पडले होते. किटकॅट मुठीत घट्ट होतं.

"आबा, काय झालं?"

"काही न्हाई. ते मशीन बंद कर."

संभाजीनगरला आल्यावर टूल नव्याने डाउनलोड केलं, प्रोग्राम पुन्हा बनवला. ते टूल वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं. कुणीतरी उत्तर दिलं, 'नियमांत नसलेलं नाव तो वाचूच शकत नाही. तुम्हीच कुठेतरी लिहिलं असेल.' फुकटच्या टूलबरोबर फुकटचा सल्ला. मला संताप आला आणि रडूही आलं.

पुढच्या रविवारी दुपारी, माझ्या खोलीत, पुन्हा ओळ आली...

कोण: बद्री. काय: ये.

मी नियमांत फक्त चालू आणि बंद लिहिलं होतं.

मी आईला फोन लावला.

"तुझे आबा हिरीत उतरलेत," आई म्हणाली. "जाळी तं साफ हाय. मंग काय करून राह्यले, कोण जाणे."

मिळाली ती बस पकडून मी भोकरदनमार्गे घरी पोचले. आबांच्या पाया पडून म्हटलं, "विहीर बुजवून टाकू. पुन्हा उतरू नका."

आबांनी मला उठवून जवळ बसवलं.

"मी खाली गेलो न्हाई तं तो वर येतो, रेणू. परवा तुझी आई धुणं धुऊन राह्यल्ती. तिच्या मागं उभा व्हता."



आता दर रविवारी मी गावी येते. आबांच्या कमरेला दोर बांधते आणि काठावर बसते. खालून आबांचं बोलणं ऐकू येतं...

वर यायला त्यांना दर वेळी आधीपेक्षा जास्त उशीर होतो.