सहा वीसची लिफ्ट

शाळेच्या व्हरांड्यात पालकांसाठी मांडलेल्या खुर्च्या पहिलीतल्या पोरांच्या होत्या. गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले आईबाप, मांडीवर अर्जांच्या फायली, आणि बंद दारापलीकडे त्यांची सात-सात वर्षांची लेकरं प्रज्ञा वर्गाची चाचणी देत होती. हुशार मुलांचा वेगळा वर्ग. जागा वीस, आणि व्हरांड्यात मुंगीला शिरायला जागा नाही.

चष्मेवाली शेवटच्या खुर्चीवर बसली होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. म्हणून सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. तिची भिंगरी आत होती. नाव भिंगरी, गुणही तेच. ती आत बसली तरी असेल का, याचाच आईला घोर.

एवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. एक उंच माणूस तिच्यात कसाबसा घडी होऊन बसला. त्याच्या चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती.

तिने एकदा पाहिलं. न पाहिल्यासारखं केलं. पुन्हा पाहिलं.

"एक विचारू? काम काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"एवढ्या मोठ्या लिफ्ट दुरुस्त करता आणि स्वतःचा चष्मा दोऱ्याने बांधता?"

"लिफ्टमध्ये माणसं असतात. याच्यामागे काय... मी एकटाच."

तिने पर्समधून करंगळीएवढा पेचकस काढला. "आणा इकडे."

दोरा सुटला, स्क्रू बसला. दांडीला हलकासा बाक देऊन तिने चष्मा स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर चढवला. बोटं कानामागे गेली, क्षणभर तिथेच राहिली.

"टोचतंय?"

"नाही... म्हणजे, टोचलं तर सांगायचं ना?"

"सांगायचं."

"मग थोडंसं टोचतंय."

टोचत नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. तरी तिने पुन्हा एकदा दांडी वाकवली.

दार उघडलं, मुलं बाहेर सुटली. भिंगरीने एका गोल डोळ्यांच्या मुलीचा हात धरला होता. ती गोटी. लिफ्टवाला तिचा मामा; बहीण गेली तेव्हा दीड वर्षाची पोर त्याच्या कडेवर आली, ती तिथेच वाढली. दोघी पोरी टाळ्या देत जागच्या जागी उड्या मारू लागल्या:

"वर गं वर, कुणाचं घर?
खाली गं खाली, कोण आली?"

"गोटीने जुळवलंय," तो म्हणाला. "सुट्टीत माझ्याबरोबर कामावर येते. एका इमारतीत लोक माझ्या नावाने शंख करायचे, लिफ्ट येतच नाही म्हणून. ही जिन्यात बसून दोन दिवस नुसती बघत होती. मग म्हणते, मामा, सकाळी सगळे वरून खाली येतात, तर रिकामी लिफ्ट खाली कशाला उभी करतोस? सकाळी तिला वर जाऊन थांबायला सांग, संध्याकाळी खाली. तसं लावून दिलं. शंख बंद."

चष्मेवाली बघत राहिली. "अहो, हे अर्जात लिहा की. शेवटचं पान आहे ना, मुलाने स्वतःहून केलेला वेगळा विचार..."

"छे. घरातल्या गोष्टी कुणी अर्जात लिहितं का? मी लिहिणार, मुलगी गुणी आहे, सगळ्या भाज्या खाते."

ती इतकी हसली की शेजारच्या बाईंनी फाईल वाजवली.

त्यानंतर लिफ्टवाल्याचा चष्मा आठवड्यातून दोनदा बिघडू लागला. दुपारी दुकानाची घंटी किणकिणली की ती मान वर न करता विचारायची, "आज काय?"

"डावीकडे झुकतोय."

"चष्मा की तुम्ही?"

"ते तपासायलाच आलोय."

दुकानाचे मालक हिशेबाच्या वहीत तोंड खुपसून खाकरायचे. मग तिला सांगायचे, "पोरी, त्याला एकदा नवी फ्रेम तरी वीक. माझं नुकसान होतंय." ती लाजायची, काच उगाच पुन्हा पुसायची. भिंगरीच्या बाबांनी दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटला त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत कुणी तिच्यासाठी खोटं कारण काढून आलं नव्हतं.

एकदा तिच्या इमारतीच्या दारापर्यंत तो सोबत आला. लिफ्ट नेहमीप्रमाणे सातव्या मजल्यावर.

"रोज असंच," ती म्हणाली. "मी सहा वीसला येते, पायांचे तुकडे पडलेले, आणि ही बया वर जाऊन बसलेली."

"ही लिफ्ट माझ्याकडेच आहे. बघतो एकदा." जरा थांबून तो म्हणाला, "यादी लागली की मला तुम्हाला काहीतरी विचारायचंय."

"आत्ता विचारा."

"आत्ता नको. तुमचं सगळं लक्ष त्या वर्गात आहे. मला... सगळं लक्ष हवंय."

खरंच होतं ते. भिंगरीच्या वर्गात साठ मुलं. बाईंनी वर्षभरात तिला दोनदा दुसऱ्याच नावाने हाक मारली होती. चष्मेवालीही एके काळी अशाच गर्दीतली हुशार मुलगी होती; मागच्या बाकावर बसता बसता मागेच राहिली. लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढा एकच ध्यास.

अर्ज द्यायच्या आदल्या रविवारी ती शेवटचं पान पुढ्यात घेऊन बसली. पान कोरं. भिंगरी टेबलाभोवती गिरक्या घेत होती.

"जरा एका जागी बस गं."

"भिंगरीला एका जागी बसवलंस तर ती पडते," आतून चष्मेवालीची आई म्हणाली. "पोरीला बघ आधी, मग लिही."

तिने बघितलं नाही. तिने पेन उचललं आणि लिहिलं... 'आमच्या इमारतीतली लिफ्ट फार वेळ घ्यायची. माझ्या मुलीने दोन दिवस जिन्यात बसून पाहिलं...'

हात थांबला होता, नाही असं नाही. पण तो कुठे लिहिणार होता? तो भाज्या लिहिणार होता. न वापरलेली गोष्ट उचलली तर कुणाचं काय गेलं? अशी मनाची समजूत घालून सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी तिने अर्ज देऊन टाकला.

तीन आठवड्यांनी यादी लागली. भिंगरीचं नाव अकरावं. गोटीचं नाव कुठेच नव्हतं.

त्या दुपारी घंटी किणकिणली. लिफ्टवाल्याने आज चष्मा काढून पुढे केला नाही.

"गोटीचे गुण पुरेसे होते," तो म्हणाला. "पण शेवटचं पान बाद केलं. म्हणे, आधी आलेल्या एका अर्जातून जसंच्या तसं उचललंय. मी कुणाचा अर्ज बघितलाय हो? तुम्ही म्हणाला होतात म्हणून, अगदी शेवटच्या दिवशी, भाज्या खोडून लिफ्टची गोष्ट लिहिली..."

तिच्या हातातली काच टेबलावर घसरली. फुटली नाही. फुटली असती तर बरं, निदान खाली वाकता आलं असतं.

"गोटी विचारते, मामा, मी ते कुणाचं बघून केलं? मला तिला काय सांगावं कळेना." मग त्याचा आवाज मऊ झाला. "पण भिंगरीचं झालं, ते चांगलं झालं. मी मनाशी म्हटलं, दोघींतली एक जरी गेली, तरी ती आपल्याच घर..." आणि तो अडखळला, कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे, हेच विचारायचं होतं."

एका श्वासात होय म्हणता आलं असतं. तो सरळ माणूस; जन्मभर त्याला कळलं नसतं. तोंडाशी आलेला तो एक शब्द तिने गिळला.

"तो आधी आलेला अर्ज माझा होता."

त्याला आधी कळलंच नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, दूरचं दिसत नसल्यासारखा.

"मला वाटलं, तुम्ही लिहिणार नाही," ती म्हणाली. "माझं पान कोरं होतं. मी... गोटीची गोष्ट भिंगरीच्या नावावर लिहिली."

मालकांनी वही मिटली आणि ते मागच्या खोलीत निघून गेले.

"मागितली असती," तो म्हणाला, "तर दिली असती. गोष्टच काय..." वाक्य तिथेच राहिलं.

"उद्या शाळेत जाऊन सगळं सांगते."

"सांगा. गोटीसाठी सांगा." तो दारापर्यंत गेला, वळला. "चष्मा छान बसलाय तुमच्या हातून. आता सैल झाला तर... दुसरीकडे नेईन."

दुसऱ्या दिवशी त्याच व्हरांड्यात ती उभी राहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी ऐकून घेतलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि लेखी मागितलं. तिने लिहून दिलं. या वेळी पान कोरं राहिलं नाही, आणि त्यातला एकही शब्द उसना नव्हता. आठवड्याने सुधारलेली यादी लागली. अकराव्या क्रमांकावर गोटी होती.

भिंगरीला तिने जवळ घेऊन खरं ते सांगितलं. पोर एका जागी बसून ऐकत राहिली, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. मग म्हणाली, "माझी गोष्ट का नाही लिहिलीस?"



घंटी किणकिणत राहिली, गिऱ्हाइकं येत राहिली. ती मान वर करून बघू लागली होती, आणि दर वेळी कुणीतरी दुसरंच असायचं. इमारतीच्या लिफ्टचं कामही आता एक बुटका, बडबड्या मिस्त्री बघायचा. रखवालदाराने सांगितलं, "जुन्याने हा भाग सोडला. जायच्या आधी मात्र एक अख्खी दुपार वर मोटारीच्या खोलीत बसला होता. काय करत होता देव जाणे, मोडलं तर काहीच नव्हतं."

पावसाळी संध्याकाळ होती. बारीक भुरभुर, चपलांना ओल. दुकानातून परतताना तिने भिंगरीला शिकवणीहून घेतलं होतं. दोघी दारातून आत आल्या.

"आई, तुला एक गंमत सांगू?" भिंगरी गिरकी घेता घेता थांबली. "आधी आपण आलो की लिफ्ट सातव्यावर असायची. आता रोज खाली असते. पण सगळ्यांसाठी नाही. शिकवणी नसते तेव्हा मी खाली खेळताना बघितलंय. सहाला वर असते, साडेसहालाही वर. मध्येच ती एकटी, रिकामी खाली येते आणि दार उघडून उभी राहते. म्हणजे ती आपलीच वाट बघते. हो ना?"

समोर लिफ्ट उभी होती. दार उघडं, आत पिवळा दिवा. भिंतीवरच्या घड्याळात सहा वीस.

चष्मेवाली खाली वाकली आणि तिने लेकीकडे पाहिलं... गालावरचे पावसाचे थेंब, कपाळावर चिकटलेली बट, स्वतःच्या शोधावर चमकणारे डोळे. सात वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

"किती दिवस बघत होतीस गं हे?"

"खूप. तू विचारलंच नाहीस."

दार मिटायला लागलं. तिने हात आडवा धरला. ते पुन्हा उघडलं. भिंगरी आत शिरून नाचत गाऊ लागली, "वर गं वर, कुणाचं घर?"

आई उंबऱ्यातच जरा थांबली. मग बोटांनी दाराची कड हलकेच चाचपली, जशी कधीतरी एका कानामागची दांडी चाचपली होती, आणि आत गेली.