सदतिसावी बाटली

चंद्रावरच्या शशिवाडीत कुणी खोकलं की शेजारी आधी दार लावून घेई आणि मग दाराआडून चौकशी करी. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं. धूळबुरशी मेली होतीच तशी! छातीत शिरली की दहा दिवसांत माणूस संपे. पृथ्वीवरून यान यायला अजून चाळीस दिवस होते आणि औषधांच्या कपाटात कवचिनच्या फक्त नऊ बाटल्या होत्या.

कवचिन हे उंबरठा-औषध. जुनी औषधं पातळ झाली तर गुण उशिरा येई, पण येई. कवचिनचे कण मात्र एकमेकांचे हात धरून बुरशीभोवती कडं करतात. पुरेसे कण असले तर कडं मिटतं आणि बुरशी मरते. थोडे जरी कमी पडले, तर कडं उघडं राहतं आणि औषध काही म्हणजे काही करत नाही. हा उंबरठा दोन टक्क्यांचा.

"ताई, आजारी सदतीस आहेत. सदतीस डोस होतील ना?" वाडीप्रमुख गोडघाट्यांनी फार्मासिस्ट कुंदा बोरकुटेला विचारलं.

"छत्तीस. नऊ बाटल्या, प्रत्येकी शंभर मिलिलिटर, आठ टक्क्यांचं औषध. दोन टक्क्यांवर आणायचं म्हणजे चौपट करायचं. नऊशेचे छत्तीसशे. एकेकाला शंभर, त्याहून थेंबही कमी चालत नाही."

"मग शंभर मिलिलिटर पाणी जास्त ओता की! एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?"

"दोन टक्क्यांच्या खाली जाईल, भाऊ. सगळेच्या सगळे मरतील. वरणात पाणी वाढवून पाहुणा जेवू घालता येतो, हे वरण नाही."

मग वयानुसार यादी झाली, लहान आधी. सदतिसावं नाव प्रल्हाद बोरकुटे, वय बहात्तर. वाडीतले गणिताचे मास्तर आणि कुंदाचे यजमान.

"यादी बदलू का?" गोडघाटे हळूच म्हणाले.

"आणि कुणाचं पोर खोडू? सांगा ना!" कुंदा त्यांच्या अंगावर ओरडली. गोडघाटे खाली मान घालून निघून गेले.

तिने एकेक बाटली उघडली, मापनळीत शंभरच्या रेघेपर्यंत औषध घेतलं, मोठ्या भांड्यात ओतलं. तळाशी जे थोडं राहिलं त्यासकट बाटली भट्टीत टाकली. उघडलेली बाटली ठेवायची नाही हा नियम, तीस वर्षांत तिने तो कधी मोडला नव्हता. छत्तीस डोस भरले. सदतिसाव्या बाटलीत तिने पाणी घातलं आणि संशय येऊ नये म्हणून वर कवचिनसारखाच कडू काडेचिराइताचा अर्क. तेव्हा तिला स्वतःची इतकी किळस आली की हात तीनदा धुतले.

मास्तरांनी एका दमात बाटली संपवली आणि तोंड वाकडं केलं.

"चिराईत ना?"

कुंदाने रिकामी बाटली त्यांच्या हातून काढून घेतली.

"अगं, नऊ बाटल्यांचे डोस किती हे मला येत नाही होय? आणि सगळ्यांत म्हातारा मीच. बरोबर केलंस."

"बरोबर काय, अहो! मी तुम्हाला मारलं!" ती त्यांच्या उशाशी बसून ओक्साबोक्शी रडली. मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पण चाळीस वर्षांची खोड कुठे जाणार! उत्तर आलं की ताळा करायचाच.

"कुंदा, बाटलीत शंभरच होतं ना?"

"लेबलवर शंभरच आहे."

"लेबल नाही विचारलं. बाटलीत किती होतं?"

शंभर पुरते निघावेत म्हणून कंपनी प्रत्येक बाटलीत तीन मिलिलिटर जास्त भरते, हे कुंदाला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. तेच तळाशी राहायचं. नऊ त्रिक सत्तावीस. आणि एका डोसाला लागतं पंचवीस.

भट्टी केव्हाच विझली होती.

"शंभरच होतं," ती म्हणाली.

"मग गणित बरोबर आहे," मास्तर समाधानाने म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.