एक्केचाळीसचा बिल्ला

खाण बंद होण्याचा तो शेवटचा दिवस. दुपारचे दोनच वाजले होते, पण धुकं असं दाटलं होतं की दिवा लावल्याशिवाय समोरची फळी दिसत नव्हती. बिल्लेकाकांकडे एकच काम उरलं होतं. फळीवरचे बिल्ले उतरवायचे, लाकडी पेटीत भरायचे आणि भांडारात जमा करून घरी जायचं. तासाभराचं काम, पण बिल्लेकाकांना कुठलंही काम घाईत उरकलेलं आवडत नसे. निदान गेली अकरा वर्षं तरी आवडत नसे.

बिल्ला म्हणजे पितळेची बिस्किटाएवढी चकती, तिच्यावर कामगाराचा नंबर. खाली उतरणाऱ्याने आपला बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात टाकायचा आणि वर आला की परत अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. फळी भरली म्हणजे सगळे वर. या कामाला अक्कल लागत नाही, अशी कामगार त्यांची चेष्टा करत, आणि काका म्हणत, "अक्कल नाही, डोळे लागतात. माझी फळी खोटं बोलत नाही." कुणी विसरभोळा बिल्ला खिशातच घेऊन घरी गेला तर पंचाईत नको म्हणून प्रत्येक नंबरचा एक जादा बिल्ला त्यांच्या ड्रॉवरमध्ये असे. ओळख पटावी म्हणून त्याला काकांनी स्वतःच्या हाताने लाल दोरा बांधलेला होता. दोऱ्याचा बिल्ला लावायचा तर एकच अट होती. तो माणूस वर आलेला आपल्या डोळ्यांनी पाहिलेला हवा.

सकाळी निघताना त्यांच्या बायकोने हाक मारली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीने दगा दिला होता. चार शब्द बोलली की धाप लागायची. तरी रोज सकाळी ती हात जोडून बसायची आणि उठताना चेहरा असा स्वच्छ असायचा की काकांना तिचा हेवा वाटायचा, थोडा रागही यायचा.

"नोकरी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "आहे त्यात भागवू. पण अहो, एकदा माझ्याबरोबर बसा की. मी बसले की तुम्ही खोलीतून का उठून जाता?"

काकांनी चपला घातल्या. डबा घेतला आणि निघाले.

आता ते एकेक बिल्ला काढून पुसत होते आणि पेटीत ठेवत होते. टेबलावर भांडारात द्यायची आणखी एक वस्तू होती, खाणीच्या तोंडावरची इशाऱ्याची घंटा, खालच्या बोगद्यातून तार ओढली की वाजणारी. कालच तिची तार कापून ती उतरवली होती. उपडी पडलेली ती घंटा कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या वजनासारखी दिसत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मग हात थांबला.

एक्केचाळीसच्या खिळ्यावर लाल दोऱ्याचा बिल्ला होता. अकरा वर्षं तो तिथेच होता. तो नंबर काकांनी पुन्हा कुणाला दिला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचे, अपशकुनी नंबर आहे.

एक्केचाळीस म्हणजे पंपवाला. खालच्या बोगद्याच्या अगदी टोकाला पाणी उपसणारा पंप होता आणि त्या घरघराटात तो दिवसभर एकटा बसायचा. माणूस सज्जन, पण विसरभोळा. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या महिन्यात तीनदा बिल्ला घरी घेऊन गेला होता, आणि तीनदा काकांना त्याच्या घरापर्यंत पायपीट करावी लागली होती. त्या दिवशी खालच्या बोगद्यात धूर झाला. भोंगा वाजला, माणसं खोकत वर आली, आणि साहेबांनी विचारलं, सगळे वर आले का? एकच खिळा रिकामा होता. विसरभोळ्याने आजही तेच केलं, काका मनात चरफडले. घराकडची बस फाटकाशी उभी होती. त्यांनी ड्रॉवर उघडला, दोऱ्याचा बिल्ला लावला आणि सांगितलं, सगळे वर. साहेबांनी फळी पाहिली. रात्रीतून खालच्या बोगद्याच्या तोंडावर विटांची भिंत उभी राहिली, आग आतल्या आत विझावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी पंपवाल्याची बायको विचारत आली. बिल्ला तर फळीवर होता. म्हणजे वर आला, आणि घरी गेला नाही. म्हणजे पळाला. गावाने तेवढ्यावर सगळी गोष्ट रचली, कुणाबरोबर पळाला तेही ठरवून टाकलं. ती काकांपाशी येऊन म्हणाली होती, "भाऊजी, तुम्ही सांगाल ते मी खरं मानेन." आणि काका म्हणाले होते, "आला होता वर, वहिनी. माझी फळी खोटं बोलत नाही."

त्यांनी दोऱ्याचा बिल्ला काढला, न पुसताच पेटीत टाकला आणि बेचाळीसकडे हात नेला. तेव्हा वास आला. ओल्या कोळशाचा आणि जुन्या दिव्याच्या तेलाचा. काकांनी मान वळवली.

एक्केचाळीसच्या खिळ्यावर बिल्ला होता.

त्याला दोरा नव्हता. तो काळा पडला होता, ओला होता, आणि त्याच्या कडेला एक खोलगट पोचा होता. पंपवाल्याने एकदा त्याच बिल्ल्याने पंपाचा स्क्रू पिळला होता आणि काकांनी त्याबद्दल त्याची खरडपट्टी काढली होती. हाच तो. काकांनी बोट लावलं. बिल्ला कोमट होता, आत्ताच कुणाच्या खिशातून निघाल्यासारखा.

ते कसे उठले ते त्यांनाच कळलं नाही. रुमालात बिल्ला धरून ते धुक्यातून खाणीच्या तोंडाशी गेले आणि तो खाली टाकून दिला. कान देऊन उभे राहिले. खाली पाणी होतं, काहीतरी आवाज यायलाच हवा होता... आला नाही. परत येऊन दार लोटलं तर बिल्ला खिळ्यावर, अजून जरासा हलत होता.

आणि टेबलावरची घंटा वाजली. तार नसलेली, उपडी पडलेली घंटा. तीन ठोके, मधे सारखं अंतर ठेवून. खाणीत तीन ठोक्यांचा अर्थ एकच. माणूस आहे, वर घ्या.

काका खुर्चीत बसले नाहीत, जमिनीवरच बसले. तोंडातून निघालं, "देवा..." आणि पुढचं काही सुचेना. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हाक मारली होती, आणि मारल्यावर त्यांना कळलं की मागायचं काही नाही, सांगायचं आहे. आणि ते देवाला नाही.

त्यांनी तो ओला बिल्ला खिशात घातला. पेटी तशीच उघडी सोडून ते निघाले.

पंपवाल्याची बायको कामगारांच्या घरांच्या रांगेत शेवटच्या घरात राहायची. हातमोजे शिवून पोट भरायची. तिच्या भावांनी येणं सोडलं होतं, शेजारणी तिच्याशी कामापुरतं बोलायच्या. तिने काकांना आत घेतलं, दाराला कडी घातली आणि पुन्हा सुई हातात घेतली. काकांनी बिल्ला तिच्या समोर ठेवला आणि सांगितलं. बस, रिकामा खिळा, लाल दोरा, भिंत. बोलताना ते जमिनीकडे पाहत होते. तो पळाला नव्हता, वहिनी. तो आतच राहिला.

तिचा हात थांबला होता, पण ती रडली नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

बाहेर पावलं वाजली. जड, ओल्या बुटांची. ती दारापाशी आली आणि कुणीतरी पायरीवर बसलं. मग बुटाची नाडी ओढल्याचा आवाज, दमलेला श्वास, पुन्हा नाडी.

"तुम्हालाही ऐकू येतंय ना?" ती हळूच म्हणाली. "रोज येतात. चारला. गाठ सोडायला त्यांना वेळ लागतो, दोनदा पीळ देऊन मारायची सवय... मी अकरा वर्षं कडी काढली नाही. मीच आतून म्हणायचे, ज्या घरी गेला होतास तिकडेच जा."

काकांना तोंड वर करवेना. बाहेर नाडी ओढली जात होती, सुटत नव्हती.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही सगळं सांगितलंत ना? मग ते अजून बाहेर का बसलेत?"

खोलीत फक्त तो श्वास ऐकू येत होता. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"घंटा..." ते म्हणाले. "मी बसकडे पळत होतो. घंटा वाजली. तीन ठोके. मी ऐकले, वहिनी. धुराने तार हलली असेल, असं मनाला सांगितलं. मला माहीत होतं तार अशी हलत नाही. मी बसमध्ये चढलो."

बाहेर एक बूट पायरीवर पडला. थोड्या वेळाने दुसरा.

ती उठली. तिने कडी काढली. दार उघडलं तसं धुकं आत आलं, आणि तो ओला, काळा वास. दारात कुणी नव्हतं. तरी तिने पदर सावरला आणि बाजूला होऊन वाट दिली.

"आत या," ती म्हणाली. "दमला असाल."

मग काकांकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही जा आता. माफ केलं का, ते मला आज विचारू नका."

घरी बायको खिडकीशी बसली होती. काकांनी तिला सगळं सांगितलं, घंटेपासून सुरुवात करून. मग तिने सरकून आपल्या शेजारी जागा केली. काका बसले. त्यांनी हात जोडले आणि काहीही मागितलं नाही. नोकरी गेली होती, उद्या अब्रू जाणार होती, बायकोचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि त्यांना त्या क्षणी आणखी काही नको होतं. त्या रात्री ते लहान मुलासारखे झोपले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पोलीस चौकीवर गेले. लोकांनी रस्ता बदलायला सुरुवात केली, दारावर कुणीतरी कोळशाने एक्केचाळीस नंबर लिहून गेलं. काकांनी तो पुसला नाही. पंपवाल्याच्या बायकोकडे मात्र तिचे भाऊ आले, आणि तिने सगळ्यांसमोर नवऱ्याचं नाव घेतलं.

नवव्या दिवशी भिंत फोडली. ओळख पटवायला काकांना नेलं. पंपवाला भिंतीच्या आतल्या बाजूला, घंटेच्या तारेखाली बसलेला होता. जे उरलं होतं त्याच्या उजव्या हाताची मूठ बंद होती. चौकीवरच्या माणसाने ती हळूच उघडली आणि दिवा पुढे केला.

मुठीत बिल्ला होता. कोरडा, स्वच्छ, पोचा नसलेला. त्याला लाल दोरा होता, आणि दोऱ्याचा रंगही उडालेला नव्हता.

"हा तर तुम्ही पेटीत टाकलेला दोऱ्याचा बिल्ला," तो माणूस म्हणाला. "इथे कसा आला?"

काकांनी जवळ जाऊन पाहिलं. दोरा त्यांचाच होता, गाठही त्यांचीच होती. पण त्या गाठीवर आणखी एक गाठ होती. दोनदा पीळ देऊन, घट्ट मारलेली.