घोडकेचा संशयांक

धामणखेडात पूर्वी वीज गेली की लोक वीज कार्यालयाला शिव्या घालत. आता ते आधी आपला मोबाइल बघत. कारण अंधार पडल्यावर मिनिटभरात कार्यालयाचं ‘तारतम्य’ हे यंत्र आपला निकाल पाठवी: आजच्या बिघाडाबद्दल कुणावर किती संशय. एखाद्याचं नाव वर सरकलं, की शेजारी त्याच्या दारावरून जरा लांबून जात. लग्नाच्या बोलण्यांतही आता पत्रिकेच्या आधी मुलाचा आकडा विचारत.

तारतम्याचे गुरू दिगंबर उपासनी. सारी नोकरी उपकेंद्रात काढून ते निवृत्त झाले, तेव्हा कार्यालयानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या डोक्यात जे होतं ते काढून यंत्रात भरायला शाल्मली गोगटे ही तरुण संशोधक घरी पाठवली.

“रोहित्र तापलं असेल आणि घोगरं वाजत असेल, तर तेलात गडबड आहे, बहुधा,” उपासनी सांगत.

“बहुधा म्हणजे किती, सर?”

“अगं, बहुधा म्हणजे बहुधा!”

शाल्मली ०.७ लिहून घेई.

पोहे, चहा आणि श्रोता अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या की उपासनी खुलत. तेलावरून ते माणसांवर येत. “न विचारता खुलासा देतो, तो माणूस बघून ठेवावा.” “शंभर टक्के खात्री देणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.” “वायरमन हासुद्धा जाळ्याचाच भाग. खांबासारखा. फक्त खांब रजा मागत नाही.” शाल्मली हसे आणि तेही लिहून घेई. ज्ञान ते ज्ञान.

सोमवारी सकाळी दत्तोबा घोडके उपासनींच्या दारात उभा राहिला. हा त्यांच्या हाताखालचा जुना वायरमन. हातात हेल्मेट होतं, पण ते डोक्यावर घालायची परवानगी आज संध्याकाळपासून जाणार होती.

“साहेब, यंत्र म्हणतं, बिघाड मीच आहे.”

उपासनींनी मोबाइल पाहिला. बाजारपेठेची वीज गेले काही दिवस सारखी जात होती. जुनी तार, संशय ०.३. चौकातलं रोहित्र, ०.४. घोडके, ०.७४.

“ये, बस,” उपासनी म्हणाले. पण तो आकडा पाहिला आणि त्यांना घोडकेची नवी मोटारसायकल आठवली. कुठून घेतली असेल?

दोघं कार्यालयात गेले. शाल्मलीनं घोडकेला समजावलं, “काका, साध्या संगणकाला चहा एक तर गरम, नाहीतर गार. आपल्या तारतम्याला कोमटही कळतो. माणसासारखंच ते ‘थोडंसं’, ‘बरंचसं’, ‘बहुधा’ असा विचार करतं. शून्य म्हणजे संशयच नाही, एक म्हणजे खात्री. मधला आकडा तो संशयांक.”

“म्हणजे मी कोमट चोर?”

“चोर नाही हो. सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलेला भाग.”

“मग कुणी शून्य आहे का गावात?”

शाल्मलीनं पडद्यावर शोधलं. “अजून तरी नाही.”

सत्तरच्या पुढच्या भागाचं काय करायचं, ते ठरलेलं होतं. त्याला विलगन म्हणत. बिघडलेला तुकडा जाळ्यातून वेगळा काढायचा, म्हणजे बाकी गाव उजेडात राहतं. तारेच्या बाबतीत हे उत्तम होतं. घोडकेच्या बाबतीत याचा अर्थ असा, की संध्याकाळपासून त्याची नोकरी बंद आणि घराची जोडणीही बंद. सदोष भाग जाळ्याला चिकटलेला ठेवत नाहीत.

“पण माझं चुकलं काय?”

“तुम्ही प्रत्येक वेळी तक्रार नोंदवण्याआधीच खांबापाशी हजर असता. सरांचा नियम आहे: बिघाडाची बातमी ज्याला सगळ्यांच्या आधी लागते, त्याची बिघाडाशी बरीचशी ओळख असते.”

“ताई, खांब माझ्या दारासमोर आहे! मालिका थांबली की सासू जी बोंब मारते, ती तुमच्या यंत्राला ऐकू जात नाही, मला जाते.”

“सासूबद्दल नियम नाही,” शाल्मली दिलगिरीनं म्हणाली. “नियम बदलायचा तर तज्ज्ञांनाच बोलावं लागेल. सर, या माइकवर.”

उपासनी खुर्चीत सरसावून बसले. तिथं बसल्यावर नेहमीच त्यांचा आवाज भारदस्त होई. “तो नियम मी गमतीनं सांगितला होता. तो रद्द समजावा.”

पडद्याच्या कोपऱ्यात एक नवी ओळ उमटली: उपासनी, ०.५१.

“हे काय?”

“न विचारता खुलासा, सर,” शाल्मली हळूच म्हणाली. “तुमचाच नियम.”

“अरे, पण घोडकेला मी ओळखतो! शंभर टक्के सांगतो...”

०.६६.

उपासनींनी माइकवर हात ठेवला. मागं घोडके उभा होता. त्याच्याकडे न पाहताही त्यांना त्याचं पाहणं जाणवत होतं. अजून एक ठाम वाक्य, आणि संध्याकाळी त्यांच्याही घरची जोडणी जाणार होती. फ्रीजमध्ये पत्नी कुमुदताईंचं इन्सुलिन होतं, आणि उपासनींचा आमरस. दोन्हींची आठवण एकदमच झाली. आधी कुठली, हे त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

“घोडके, जरा बाहेर थांब,” ते म्हणाले. “तांत्रिक बोलायचंय.”

घोडके हेल्मेट घेऊन बाहेर गेला.

तारतम्यानं पडद्यावर प्रश्न विचारला: घोडके प्रामाणिक आहेत, हे तज्ज्ञांना मान्य आहे का?

उपासनींनी हात काढला. घोडके भर पावसाळ्यात खांबावर चढायचा, ते त्यांना आठवलं. मोटारसायकलही आठवली. दोन्ही आठवणी सारख्याच स्पष्ट होत्या. घसा खाकरून ते म्हणाले,

“बराचसा.”

उपासनी, ०.३८. यंत्राला संयमी माणसं आवडत.

घोडके, ०.७९.

शाल्मलीनं माइक बंद केला. तिचाही आकडा होता.

उपासनी बाहेर आले, तेव्हा घोडके पायरीवर बसला होता. तो चटकन उठला. तेवढ्यात रस्त्यावरच्या दुकानांतले पंखे, गिरणी, सोनाराच्या दुकानातले दिवे सगळं एकदम बंद पडलं. बाजारपेठ पुन्हा गेली होती. घोडके सकाळपासून त्यांच्यासोबत होता.

दोघांनीही मोबाइल काढले नाहीत.

“साहेब,” घोडकेनं विचारलं, “माझ्याबद्दल चांगलं बोललात ना?”

“चांगलंच बोललो रे.”

घोडके त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग हेल्मेट काखेत मारत त्यानं विचारलं,

“किती?”