कमी बर्फाचा उतार

केतकीने आखलेल्या वाटेवर मुंगसाने लाल रेघ मारली, तेव्हा तिला वाटलं, याचं डोकं फिरलंय.

मुंगूस म्हणजे हिवाळी मोहिमांसाठी बनवलेला छोटासा यंत्रप्राणी. चार आखूड पाय, लांबट अंग आणि बर्फात खुपसायला टोकदार नाक. त्या नाकात संवेदक (तापमान, कठीणपणा अशा गोष्टी टिपणारी बारीक साधनं) बसवलेले. सकाळभर तो डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीबाहेर हिंडून आला होता, आणि आता टेबलावर तरंगणाऱ्या प्रकाशाच्या नकाशात आपली मोजमापं भरत होता.

नकाशात नोरबू खिंडीकडे जाणारे दोन उतार दिसत होते. डावीकडचा उतार तीव्र, पण जवळचा. त्यावर बर्फ जेमतेम केतकीच्या गुडघ्याएवढा. उजवीकडचा उतार पसरट आणि लांबलचक. तिथे मात्र आईसुद्धा उभीच्या उभी बुडेल इतका बर्फ साठलेला. आणि मुंगसाने लाल रेघ मारली होती ती डावीकडे, कमी बर्फाच्या उतारावर!

"मुंगसा, उलटं झालंय तुझं," केतकी म्हणाली. "धोका जास्त बर्फात असतो."

"केतकीताई, माझी चूक असेल तर मला आनंदच होईल," मुंगूस म्हणाला. "पण यात माझी चूक नाही."

चुलीपाशी बसून गुडघ्यांना तेल चोळणारे आजोबा खुदकन हसले. केतकीला मात्र हसू आलं नाही.

ही मोहीम तिने आजोबांसाठी आखली होती. तरुण असताना आजोबा याच दूरच्या पर्वतरांगेत हिमनदीचा अभ्यास करायला येत. नोरबू खिंडीच्या पलीकडे ती हिमनदी होती. तिच्याकडे बघत त्यांनी कितीतरी हिवाळे काढले होते, आणि आता त्यांना ती एकदा पुन्हा पाहायची होती. त्यांचे गुडघे झिजले होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "या हिवाळ्यात जाऊन या. पुढच्या हिवाळ्याचं मी काही बोलत नाही."

म्हणून केतकीने भोरला घरी बसून, शाळा सांभाळून, सगळी आखणी केली. कुठे मुक्काम, किती शिधा, कुठली वाट. तिची आई गिर्यारोहण शिकवायची, त्यामुळे दोर आणि तंबू आईकडे. वाट मात्र केतकीची. पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडताना ती एक नियम शिकली होती. ओढा ओलांडायचा तर पाणी जिथे घोट्याएवढं असेल तिथूनच. तोच नियम तिने इथे लावला. बर्फ कमी, तर धोका कमी, आणि आजोबांच्या गुडघ्यांना त्रासही कमी.

"आजोबा, तुम्ही सांगा ना याला!"

"मी कशाला सांगू? आपण बर्फालाच विचारू," आजोबा म्हणाले. "शुभदा, माझे बूट दे गं."

"अण्णा, हळू," आई म्हणाली. "फक्त मागच्या त्या बुटक्या चढापर्यंत. पुढे एक पाऊल नाही."

झोपडीच्या मागे बर्फाचा एक छोटा चढ होता, पुरुषभर उंचीचा. डावीकडच्या उतारासारखाच तोही उत्तरेकडे तोंड करून होता, तेवढाच तीव्र होता आणि त्यावरही गुडघाभरच बर्फ होता. "मोठ्या उताराचा हा धाकटा भाऊ," आजोबा म्हणाले. "थोरल्याचा स्वभाव धाकट्याकडून कळतो. आणि धाकटा रागावला तरी फार लागत नाही."

तिघंही बाजूला, सपाटीवर लांब उभी राहिली. मुंगूस एकटा वर गेला आणि चढाच्या माथ्यावर त्याने टुणकन उडी मारली.

धप्प!

जमिनीखाली कुणीतरी मोठं दार लोटावं तसा दबका आवाज आला. बर्फावर वीज चमकावी तशी एक भेग सर्रकन धावत गेली. पुढच्याच क्षणी वरचा अख्खा थर फरशीसारखा सुटला आणि तुकडे होत खाली आला. मुंगूस त्यात उलटापालटा होऊन पोटावर घसरत तळाशी येऊन थांबला.

"मी ठीक आहे," बर्फाखालून आवाज आला. "माझा मान मात्र गेला."

मोठ्या उतारावर आजोबा असते तर? केतकीने त्यांच्या कोटाची बाही घट्ट धरली. आजोबांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तो उबदार होईपर्यंत तसाच ठेवला.

"याला हिमस्खलन (डोंगरउतारावरून बर्फ एकाएकी घसरणे) म्हणतात," मग ते म्हणाले. "आता घाबरून झालं असेल तर बघू या, ते का झालं. बर्फ तुटला तिथे त्याची कड उघडी पडली आहे. वरचा बर्फ हातात घे आणि लाडू वळ."

केतकीने कडेचा वरचा बर्फ घेतला. वाऱ्याने दाबून बसवलेला तो थर होता. दाबल्याबरोबर लाडू वळला.

"आता अगदी जमिनीजवळचा घे."

तळाचा बर्फ हातात येताच केतकी चमकली. तो बर्फच वाटत नव्हता. जाड साखरेसारखे मोठे, कोनदार, चकाकणारे कण. तिने मूठ आवळली, पुन्हा आवळली. लाडू काही वळेना. सगळे कण बोटांमधून भुरभुर गळून गेले.

"असं कसं? पडताना तर एकच बर्फ पडला असेल ना?"

"एकच पडला. पण पडलेला बर्फ गप्प बसत नाही गं," आजोबा म्हणाले. "सांग बरं, बर्फाखालची जमीन किती थंड असेल?"

"हवेइतकीच. हवा तर शून्याखाली वीस आहे."

मुंगसाने नाक खुपसलं. "जमिनीपाशी तापमान शून्याच्या जवळपास आहे, ताई."

"म्हणजे जमीन हवेपेक्षा गरम?"

"उन्हाळ्यात साठवलेली ऊब जमीन हळूहळू सोडत असते," आजोबा म्हणाले. "वर बर्फाची गोधडी, म्हणून ती टिकते. आता बघ, खाली शून्य, वर उणे वीस. हा वीस अंशांचा फरक इथे केवढ्या जाडीत मावलाय?"

"गुडघाभर."

"आणि उजवीकडच्या उतारावर?"

केतकीने मान वर करून आईकडे पाहिलं. "आईहून उंच जाडीत. म्हणजे... वीस अंश उतरायचे तेवढेच, पण इथे जिना आखूड आणि उभा आहे. तिथे लांब आणि सोपा."

"शाब्बास! याला म्हणायचं तापमान-प्रवणता (ठरावीक अंतरात तापमान किती झपाट्याने बदलतं ते). पातळ बर्फात ती तीव्र असते. अशा वेळी खालच्या उबदार कणांचं संप्लवन (घन पदार्थाची, पाणी न होता, सरळ वाफ होणे) होतं. ती वाफ वरच्या थंडीकडे ओढली जाते आणि वाटेतल्या कणांवर पुन्हा गोठते. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की त्याला आतून थेंब धरतात ना? तसंच. फक्त इथे थेंबांऐवजी स्फटिक वाढतात. कण मोठे होतात, पण एकमेकांचे हात सोडतात."

"आणि जाड बर्फात?"

"तिथे वाफ सावकाश फिरते. कणांना घाई नसते. ते गोल होतात, शेजाऱ्याला चिकटतात. लाडू वळला जातो."

केतकी तळाच्या कणांकडे बघत राहिली. या सुट्या साखरेवर गेल्या आठवड्यातल्या वाऱ्याने जड फरशी आणून ठेवली होती. फक्त एका पावलाचा धक्का पुरे होता. ओढ्याचा नियम पाण्याला ठीक होता. बर्फाला तो लागू नव्हता.

"पण जाड बर्फ म्हणजे सुरक्षित, असं लगेच पाठ करून टाकू नकोस," आई म्हणाली. "तिथेही खड्डा खणून पाहायचा. तो उतार पसरट आहे आणि त्याच्या डोक्यावर दुसरा तीव्र उतार लोंबत नाही, हे जास्त महत्त्वाचं."

दुपारी आई आणि मुंगूस उजवीकडे जाऊन आले. तळापर्यंत खणलं तरी सगळा बर्फ घट्ट, एकजीव होता. मुंगसाने नकाशात हिरवी रेघ मारली. ती रेघ लांब, वळणावळणाची होती. केतकी तिच्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"इतकं लांब आजोबांना चालवणार नाही. माझ्यामुळे तुम्ही इथवर आलात, आणि आता—"

"केतू, तुझ्यामुळे मी इथवर आलो, हेच खरं," आजोबा म्हणाले. "तुम्ही दोघी जाऊन या. मला येऊन सांगा कशी दिसते."

केतकीला ते मुळीच पटलं नाही. ती नकाशाभोवती फिरली. डावीकडचा उतार शिडीसारखा, उजवीकडचा घाटातल्या रस्त्यासारखा. उन्हाळ्यात तिथे नुसते दगडधोंडे असतात, असं आजोबाच सांगत. आता मात्र जाड बर्फाने ते सगळे बुजवून वर गुळगुळीत रस्ता केला होता.

"आई! बर्फावरून शिधा ओढत आणला ती घसरगाडी! तीव्र उतारावर ती ओढता आली नसती. पण इथे? आजोबांना बसवून मुंगूस आणि आपण ओढू!"

"छे छे!" आजोबा ताडकन म्हणाले. "मी काय गणपती आहे, मिरवणुकीत बसवायला?"

"गणपती मुकाट बसतो, अण्णा," आई म्हणाली. "तुम्हाला ते जमणार नाही, एवढीच अडचण."

"मला ओढायला आवडेल," मुंगूस म्हणाला. "गेलेला मान परत मिळवायचा आहे."

आजोबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. केतकीने हात जोडले नाहीत की हट्ट केला नाही. ती हळूच म्हणाली, "मी लहान असताना तुम्ही मला पाठीवर घेऊन रायरेश्वर चढला होतात. तेव्हा मी नाही म्हटलं नव्हतं."

आजोबांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला. "शेवटचा चढ मात्र मी माझ्या पायांनी चढणार," ते म्हणाले.

सकाळी उन्हं वर आल्यावर सगळी निघाली. आजोबा गाडीत घोंगडी पांघरून बसले होते आणि प्रत्येक वळणावर सूचना देत होते. आई वैतागत होती, मुंगूस "होय आजोबा" म्हणत ओढत होता, आणि केतकी थोड्या थोड्या वेळाने थांबून बर्फ चाचपून पाहत होती. वाटेत एक मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी, शेवटच्या चढाशी, आजोबा उतरले. एका हाताला काठी, दुसरा हात केतकीच्या खांद्यावर. तिच्या खांद्यावर त्यांचा भार पडत होता, पण तिने काही तसं दाखवलं नाही.

खिंडीत वारा थांबला होता. खाली, निळसर सावलीत, हिमनदी पसरली होती. आजोबा उभे राहिले. पूर्वी जिथे तिचं टोक होतं तिथून ती बरीच मागे सरकलेली दिसत होती. ते त्यांनी निरखून पाहिलं.

"म्हातारी झाली," ते म्हणाले. "पण आहे. अजून आहे."

केतकी त्यांना बिलगून उभी राहिली. हिमनदीच्या पलीकडे आणखी एक रांग होती, आणि तिच्या मागे आणखी एक, पांढरी, शांत. मुंगसाच्या नकाशात तिथे नुसती कोरी जागा होती.

"तिकडे हिवाळ्यात अजून कुणी गेलेलं नाही," आजोबा म्हणाले. "तिथला बर्फ कसा असेल, सांगशील?"

घरून निघताना केतकीने लगेच उत्तर दिलं असतं. आता तिने डोळे बारीक करून त्या दूरच्या उतारांकडे पाहिलं.

"नाही सांगता येणार," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. "जाऊन बघायला लागेल."